मलिक अंबरच्या नावाचं पंच: कार्डावर गोष्ट छापायची तर कोणती?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेरूळच्या रस्त्यावर तुमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे, आता शेजारी परमिट रूमही होतेय, आणि दिवाळीआधी आठ-दहा क्राफ्ट कॉकटेलचं कार्ड काढायचं आहे. प्रत्येक पेयाखाली चार ओळींची जन्मकथा हवी. पहिलं नाव ठरलंय, 'मलिक अंबर पंच'. त्याखाली छापायला तुम्ही लिहिलंय की खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा मलिक अंबराने इंग्रज पाहुण्यांना पाच जिन्नस एकत्र करून हे पेय पाजलं आणि इथूनच ते जगभर पसरलं. ही गोष्ट चालेल का आणि आत दारू कोणती घालायची, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी तेवीस वर्षं बारच्या काउंटरमागे काढली. सुरुवात तेव्हाच्या औरंगाबादेत, अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांच्या हॉटेलात झाली. मधे मुंबई, काही वर्षं जहाजावर, आणि आता परत येऊन इथल्याच पोरापोरींना हे काम शिकवतो. म्हणून मनापासून सांगतो, ही गोष्ट छापू नका. तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. ग्लासात काय असणार हे ठरायच्या आधी तुम्ही गोष्ट ठरवलीत, आणि मग तिच्यात बसेल अशी दारू शोधताय. कॉकटेलच्या धंद्यात ही उलटी वाट जुनीच आहे, आणि तिने बऱ्याच जणांना तोंडघशी पाडलंय.

आधी तारखा बघू. मलिक अंबराने खडकी वसवली १६१० मध्ये, आणि तो वारला १६२६ मध्ये. 'पंच' या पेयाचा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख आहे १६३२ चा, ईस्ट इंडिया कंपनीतल्या रॉबर्ट ॲडम्सने एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रातला. म्हणजे तुमचा नायक तो शब्द कागदावर येण्याच्या सहा वर्षं आधीच गेलेला आहे. कार्ड वाचणारा एखादा इतिहासाचा प्राध्यापक हे तुम्हाला टेबलावरच सांगेल. दुसरं म्हणजे, मलिक अंबर आपल्या भागात नहरीसाठी, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या कालव्यासाठी, ओळखला जातो. ज्या माणसाने या शहराला पाणी दिलं, त्याच्या नावावर दारू खपवणं इथल्या पुष्कळ लोकांना लागेल, आणि ते लागणं बरोबरच आहे.

यातली चांगली बातमी अशी की पंचची खरी गोष्ट तुमच्या कल्पनेपेक्षा सरस आहे, आणि ती आपल्या उंबऱ्यापासून फार लांबची नाही. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होता. तो जुन्नरलाही जाऊन आला होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की गोव्याजवळच्या नेरूळला उत्तम अराक (ताडी-माडीपासून गाळलेली दारू) होते, तिच्यापासून इंग्रज लोक 'पाँच' नावाचं पेय करतात, आणि पाच जिन्नस पडतात म्हणून हिंदुस्थानी भाषेतल्या पाचवरून त्याला ते नाव आहे. कडक, आंबट, गोड, पाणी आणि मसाला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शब्द कानावर पडताच आकडा डोळ्यापुढे येतो.

आणि नेमकं म्हणूनच इथे जरा थांबायला हवं. फ्रायरच्याही आधी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला होता. तिथले इंग्रज जे पीत होते त्याची त्याने नोंद केली: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. मोजा, चारच होतात. काही अभ्यासक म्हणतात की हा शब्द 'पंचन' या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला, कारण जहाजावर दारू पिंपातूनच यायची. मला स्वतःला फ्रायरचं म्हणणं पटतं. तो इथे राहिलेला होता, आणि ज्या लोकांत हे पेय चालत होतं त्यांच्याकडून त्याने ते ऐकलं होतं. पण कार्डावर लिहिताना मी 'फ्रायरच्या मते' हे दोन शब्द सोडणार नाही. त्या दोन शब्दांनी गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट पाहुणा विचारतो, 'हा फ्रायर कोण?' आणि गप्पा सुरू होतात.

याबाबतीत मी इतका आग्रही का झालो, तेही सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक परदेशी पाहुण्याला जिन-टॉनिकची एकच गोष्ट ऐकवायचो: हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांना हिवतापासाठी कोयनेल (क्विनीन) घ्यावं लागे, ते फार कडू, म्हणून त्यांनी त्यात जिन ओतली आणि जिन-टॉनिक जन्माला आलं. एका संध्याकाळी बीडकडचे एक निवृत्त डॉक्टर काउंटरवर बसले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी हिवतापाचे शेकडो रोगी पाहिलेले. माझं सांगून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "बाळा, या एका ग्लासात कोयनेल किती असतं रे?" मला सांगता आलं नाही. त्यांनी टोचून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मला ते जास्त लागलं, आणि मी शोधायला बसलो.

हिशोब असा निघाला. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरला ८३ मिलीग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन चालत नाही. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त सोळा-सतरा मिलीग्रॅम. हिवतापाच्या प्रौढ रोग्याला दर आठ तासांनी सुमारे ६०० मिलीग्रॅम द्यावं लागतं. आजच्या टॉनिकमधून तेवढं पोटात घालायचं तर एका वेळेला सात लिटरच्या वर प्यावं लागेल. जिन-टॉनिक हे औषध आहे, असं आज कोणाला सांगणं म्हणूनच चुकीचं. मग उगम कुठला? पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने टॉनिक वॉटरचं पेटंट घेतलं. आणि जिन-टॉनिक या जोडीचा सर्वात जुना सापडलेला उल्लेख १८६८ चा आहे, 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मधला. तो आहे सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतींचा: शर्यत संपली आणि मंडळींनी जिन-टॉनिकसाठी ओरडा सुरू केला. ताप नाही, सोल्जर नाही, डॉक्टर नाही. उन्हात घसा सुकलेली माणसं आहेत. डॉक्टरसाहेब पुढे परत आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ही गोष्ट जास्त चांगली आहे. आपल्या उन्हाळ्यात पटते."

त्या दिवसापासून मी पोरांना एक सवय लावतो: गोष्ट ऐकली की आधी वर्ष विचारा, मग ते वर्ष दुसऱ्या एखाद्या वर्षाशेजारी ठेवून बघा. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलची गोष्ट सांगतात की ते अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या पेंडेनिस क्लबात जन्मलं. तो क्लब निघाला १८८१ मध्ये, आणि 'ओल्ड फॅशन्ड' कॉकटेलचा उल्लेख शिकागोच्या वर्तमानपत्रात १८८० मध्येच छापून आलेला होता. मार्गारिटा या टकीलाच्या कॉकटेलवर तर कितीतरी जणांनी हक्क सांगितलाय. कोणी नर्तकीसाठी केली म्हणतं, कोणी घरच्या पार्टीत. स्पॅनिशमध्ये 'मार्गारिता' म्हणजे डेझीचं फूल, आणि 'डेझी' नावाचा आंबट-गोड पेयांचा प्रकार त्याच्या आधीपासून होता. एवढं ठाऊक झालं की नर्तकीची गरज उरत नाही. डायकिरीचं प्रकरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. क्यूबातल्या डायकिरी गावाजवळच्या खाणीत जेनिंग्ज कॉक्स नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. १८९८ च्या सुमाराला त्याने रम, लिंबू आणि साखर एकत्र केली आणि नाव गावाचं दिलं. हे बहुतेक सगळे मान्य करतात. पण ब्रिटिश नौदलाच्या खलाशांच्या रमेत पाणी घालायचा हुकूम ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्येच दिला होता, आणि लिंबू-साखर त्यात खलाशीच घालत. म्हणजे मिश्रण जुनं, नाव नवं. या दोन वेगळ्या जन्मतारखा आहेत, आणि कार्डावर गोष्ट लिहिणारा माणूस बहुतेक वेळा त्यांचीच गल्लत करतो. तुम्हीही लिंबू-गूळ-रम एकत्र करणारे जगातले पहिले नसणार. पण तुमच्या ग्लासाचं नाव, फळ आणि जागा तुमची असू शकते, आणि तेवढं छातीठोकपणे सांगता येतं.

'कॉकटेल' म्हणजे काय याची पहिली छापील व्याख्यासुद्धा एका अनोळखी वाचकाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकाला वाचकाने विचारलं, हे कॉकटेल काय असतं? १३ मे १८०६ च्या अंकात संपादकाने उत्तर दिलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क. त्यात राजा नाही, राजकन्या नाही, फक्त जिन्नस आहेत. दोनशेहून जास्त वर्षांनी आपण अजून त्याच चार शब्दांवर काम करतोय.

आता दारू कोणती, या प्रश्नाकडे येतो. काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्याकडे येणारे लोक वेरूळ बघून परतणारे पर्यटक असतील, तर त्यांना इथलं काहीतरी चाखायचं असतं. शनिवारी रात्री शहरातून येणारे असतील, तर त्यांना बहुतेक ओळखीचं हवं असतं. काउंटरला तरबेज माणूस असेल तर दहा पेयं पेलतील. नसेल तर चारच ठेवा. आणि ते सगळे गाडी चालवत परत जाणार आहेत, हे कार्ड आखताना डोक्यात असू द्या. प्रत्येक पेयाची बिनदारूची जोडी तेवढ्याच मेहनतीने करा आणि कार्डावर शेजारीच छापा, पानाच्या तळाशी ढकलू नका.

इथलं म्हणून पहिलं नाव मी मोसंबीचं घेईन. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तुमच्यापासून ती बाग दीड-दोन तासांवर. पण मोसंबी कॉकटेलमध्ये फसवते, आणि का फसवते ते कळलं की अर्धं काम झालं. एक, तिच्यात आंबटपणा फार कमी असतो. लिंबाच्या जागी मोसंबी घातली तर पेय मिळमिळीत होतं. जोडीला कागदी लिंबू लागतंच. दुसरं, मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू पडत जातो. ताजा असताना कळत नाही, तासा-दोन तासांत जिभेवर येतं. रसवंतीवाल्याला हे कळतं, म्हणून तो गिऱ्हाईक समोर आल्यावरच फळ कापतो. कितीतरी बारमध्ये मात्र दुपारी चारला रस काढून फ्रिजमध्ये ठेवतात आणि रात्री नऊला दारूला दोष देतात. तुम्ही ऑर्डर आल्यावरच पिळा. नाहीतर रस सोडून सालच वापरा. जुन्या पंचची खरी खुबी सालीतच होती.

गूळ रमेबरोबर छान जातो, दोघंही उसाचेच. पण पाक करून फडक्यातून गाळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही आता मानांकन मिळालंय. तिचा कोळ व्हिस्कीला फार शोभतो. बीडचं सीताफळ मात्र अवघड. गर तापवला तर कडू होतो आणि उघडा राहिला तर काळा पडतो. हंगामात, ताज्या गराचं, थंड आणि बिनदारूचं पेय करा, तिथे ते खुलतं.

कोणी किनवटकडून मोहाची घरगुती दारू आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केले, पण विनापरवाना गाळलेली दारू हा वेगळा विषय आहे. कायदा तर आहेच. शिवाय मिथेनॉलच्या भेसळीने आंधळी झालेली आणि मेलेली माणसं आपल्या देशात वारंवार बातमीत येतात. फुलांचा नुसता पाक करा, त्यालाही तो वास येतो. बाकी दारूसाठी २५ वर्षं वयाची अट आणि पिण्याचा परवाना तुम्हाला माहीत असेलच. बाटलीत काही मुरवून ठेवायचं असेल तर आधी उत्पादन शुल्क विभागात विचारून घ्या.

एक गोष्ट आपल्याकडे कोणी विचारत नाही: पाणी. बोअरच्या जड पाण्याचा बर्फ पांढुरका होतो, लवकर फुटतो, आणि विरघळून ग्लासात उतरला की खारट-मचूळ चव येते. शेक केलेल्या पेयात साधारण पाव भाग पाणी बर्फाचंच असतं. म्हणजे तुमच्या कॉकटेलचा चौथा हिस्सा बोअरवेल आहे. शुद्ध केलेल्या पाण्याचा, मोठ्या तुकड्यांचा बर्फ करा. मोठा तुकडा सावकाश विरघळतो आणि पेय पातळ करत नाही. आणि वापरलेला बर्फ सिंकमध्ये ओतू नका. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी मी इथल्या एका हॉटेलात रोज रात्री बादल्याच्या बादल्या बर्फ मोरीत जाताना पाहिला. तेव्हापासून माझ्या शिकवणीतल्या प्रत्येक काउंटरखाली एक बादली असते. ते पाणी फरशी पुसायला आणि झाडांना जातं. पंच मला या भागासाठी योग्य वाटतं त्याचं हेही एक कारण आहे. ते एकदाच वाडग्यात करतात, ग्लासागणिक शेकरभर बर्फ जात नाही.

तर इथवर आपण आलो ते असं: मलिक अंबरचं नाव काढायचं, पंच ठेवायचं, फ्रायरची गोष्ट त्याच्याच तोंडी ठेवायची, आणि चव जालन्याच्या मोसंबीची. आता कृती. बारा ग्लासांची सांगतो.

तीन मोसंबी कोमट पाण्यात चोळून धुवा. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग सोला, आतला पांढरा भाग नको, तो कडू. साली १५० ग्रॅम साखरेत हाताने चुरगाळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओली झालेली असेल आणि झाकण काढताच वास येईल. हे सालीतलं तेल आहे, तेच या पेयाचा जीव. मग १५० मिली लिंबाचा रस घालून साखर विरघळवा, कागदी लिंबं आठ-दहा लागतील. साली गाळून काढा. ५०० मिली डार्क रम आणि ७५० मिली गार पाणी घाला. वाडग्यात बर्फाचा एकच मोठा गोळा सोडा. वाढताना प्रत्येक ग्लासावर जायफळ किसा, आधी किसून ठेवू नका. एका ग्लासात साधारण ४० मिली रम येते, दीड पेगापेक्षा कमी. बिनदारूच्या वाडग्यात रमेच्या जागी कोऱ्या चहाचं गार पाणी घाला. पाहुण्याला एकदा चाखवून मगच लिंबू कमी-जास्त करा, कारण लिंबू हंगामागणिक बदलतं.

मोजायला बसलं तर मोसंबीच्या सालीसकट सहा जिन्नस होतात. हरकत नाही. मांडेल्स्लोचे इंग्रज चारच घालत होते.

मळीपासून रम होते आणि ऊस आपल्या मराठवाड्यात अमाप आहे, म्हणून 'आमच्या उसाची रम' असं लिहायचा मोह होईल. बाटलीवर तसं लिहिलेलं नसेल तर लिहू नका. कार्डावर माझ्या मते एवढं पुरे:

"वाडग्यातलं पंच. जालन्याच्या मोसंबीची साल साखरेत रात्रभर मुरवून, कागदी लिंबू, रम, पाणी आणि वरून जायफळ. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने १६९८ च्या पुस्तकात लिहिलं की पाच जिन्नसांचं म्हणून हे पंच. काहींच्या मते नाव पिंपावरून पडलं. रमेशिवायही मिळेल."

आंबिया बहाराची मोसंबी दिवाळीच्या सुमारास बाजारात भरपूर असते. पहिला वाडगा त्याआधी दोन आठवडे घरच्यांसाठी करून बघा, आणि चव कशी आली ते इथेच कळवा. लिंबाचं प्रमाण अडलं तर फळ किती पिकलेलं होतं तेही लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.